तर्फाची ओळ

"काका, तुम्ही माझ्या वडिलांना ओळखत होता का?" असं मागून कुणीतरी विचारलं तेव्हा हवाश कबरीच्या उशाशी उकिडवा बसून तर्फाशी बोलत होता. मोठ्याने नाही, ओठांतल्या ओठांत. सूनबाई चहात साखर कमी घालते, गुडघा ठणकतो, मिशालने गाडी बदलली, असलंच काहीतरी. त्याने मान वळवली. कातडी जाकीट घातलेला एक मध्यमवयीन माणूस पाण्याचा डबा घेऊन उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट थोडा आनंदच होता, आपल्या बापाची आठवण काढणारं अजून कुणी आहे याचा. "नाही," हवाश म्हणाला, "चुकलो वाटतं." "होतं असं. मागच्या वेळी माझी आईच चकली. दुसऱ्याच्या नवऱ्यापाशी रडून आली. माझे वडील ऐकत असते तर तिची खैर नव्हती." तो स्वतःच हसला. मग म्हणाला, "तुमचं कोण?" "बायको." "मग त्या पलीकडे असतील," आणि त्याने हात हलवला, किराणा दुकान कुठे आहे ते सांगताना हलवतात तसा. डब्याचं झाकण उघडून तो बापावर पाणी शिंपडायला लागला. हवाश उठला आणि पलीकडे गेला. पलीकडे मातीचे तसेच उंचवटे होते, उशाला तशीच सिमेंटची वीट होती. त्याच्या पलीकडेही तेच. सकाळी पाऊस शिंपडून गेला होता, बुटांना लाल चिखल लागत होता आणि पाय जड होत होते. नळाच्या डाव्या हाताला कण्हेर, कण्हेरीच्या पुढची ओळ, अशी त्याची खूण होती. नळ आता भिंतीकडे नेला होता. कण्हेर कुणीतरी बुंध्यापासून तोडली होती, की ती मुळात इथे नव्हतीच, की ती दुसरी कण्हेर होती? मधल्या काळात नव्या ओळी पडल्या होत्या. सीमेपलीकडच्या लढाईतून पळून आलेली माणसंही इथेच पुरायची, त्यामुळे ओळी लवकर भरायच्या. तो एकेका कबरीपाशी थांबून वाकून बघू लागला, मेंढ्यांच्या कळपात आपली मेंढी बघावी तसा. कळपात त्याची मेंढी त्याला कधी शोधावी लागली नव्हती. ती मान वर करायची आणि कळायचं. इथे कुणीच मान वर करत नव्हतं. मागचे सगळे गुरुवार तो कुणाशी बोलत होता?

हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मफ्रक शहरात त्याला ओळखणारी जी चार म्हातारी माणसं अजून होती ती त्याला माग काढणारा हवाश म्हणूनच ओळखत होती. मेंढ्या विकल्यावर तो वाळवंटातल्या पोलिसांच्या गाडीवर माग काढायला लागला होता. वाळूतल्या पावलावरून तो सांगायचा की माणूस दमला आहे, की पाठीवर ओझं आहे, की बाईच्या पोटात मूल आहे. एकदा उंटाच्या मागावरून त्याने सांगितलं होतं की उंट एका डोळ्याने आंधळा आहे, कारण तो एकाच बाजूचं गवत खात गेला होता. अधिकारी हसले होते. उंट सापडल्यावर त्यांनी त्याला चहा पाजला होता. आणि आता स्वतःची बायको त्याच्याकडून हरवली होती, भिंत घातलेल्या मैदानात, जिथून ती कुठे जाऊ शकत नव्हती. घरी जिना चढताना तो प्रत्येक मजल्यावर थांबला. मुलगा मिशाल कामावरून आला होता आणि रॉकेलच्या शेगडीवर हात शेकत बसला होता. हवाशने बूट काढता काढता अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझी आई नळाच्या डाव्या हाताला ना?" "नळ हलवलाय बाबा." "ते माहीत आहे. तेव्हाच्या नळाच्या." मिशालने हात उलटे करून शेकले. "डाव्या... हो. की उजव्या? नाही, डाव्याच. तुम्ही तर दर गुरुवारी जाता, तुम्हीच मला विचारताय?" "तसंच विचारलं." स्वयंपाकघरातून सून, नौफा, म्हणाली, "मामंजी, मी तेव्हाच यांना म्हटलं होतं, एक पाटी लावा, साधी. नाव तेवढं. माझ्या माहेरी सगळ्यांना आहे." "तुझ्या माहेरी गाण्याच्या भेंड्या पण लावतील कबरीवर," मिशाल म्हणाला. "कबरीवर लिहायचं नसतं. शेखने सांगितलंय. देवाला माहीत आहे ना ती कुठे आहे ते." "देवाला असेल," नौफा म्हणाली, "पण गुरुवारी देव जात नाही ना तिकडे, मामंजी जातात." मिशाल तिच्यावर ओरडला आणि ती हसली. हवाशही हसल्यासारखं करून शेगडीजवळ सरकला. पोरगा वाईट नव्हता. आईला त्याने शेवटपर्यंत पाठीवर घेऊन ह्या जिन्यावरून चढवलं उतरवलं होतं. फक्त तिला पुरलं त्या दिवशी तो घाईत होता, आणि हवाश त्या दिवशी शुद्धीवर नव्हता. मूठभर माती टाकली एवढं त्याला आठवत होतं. ती माती कुठे पडली ते आठवत नव्हतं.

तर्फाचा फोटो नव्हता. फोटो म्हटलं की ती तोंड फिरवायची. ओळखपत्रावर एक होता, तो ती गेल्यावर कचेरीत जमा झाला. मिशालच्या फोनमध्ये एक होता, हॉस्पिटलातला, नाकात नळी घातलेला, आणि ती तर्फा नव्हती. ती बाई दुसरीच कुणीतरी होती, जी तर्फाच्या अंथरुणावर येऊन झोपली होती. त्या हॉस्पिटलात तरुण डॉक्टर रोज कागद बघून सांगायचा, औषधाचा असर दिसत नाही. हवाशच्या लोकांत असर म्हणजे पावलाची खूण. औषधाचाही असरच आणि उंटाचाही असरच, शब्द एक. तेव्हा तो डॉक्टर बोलायचा आणि हवाशच्या डोळ्यांपुढे तर्फाच्या अंगाची आतली वाळू यायची, गुळगुळीत, वाऱ्याने झाडलेली, जिच्यावरून औषध चालत गेलं पण पाऊल उमटलं नाही. कुणी चालत गेलं तर पाऊल उमटलंच पाहिजे. त्याने डॉक्टरला एकदा म्हटलंसुद्धा, "नीट बघा साहेब, हलका असेल तर उन्हाच्या तिरपेला दिसतो." डॉक्टरने मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे गेला. आता सकाळी गच्चीत बसून तो तर्फाचा चेहरा आठवायला लागला की हनुवटीवरचं गोंदण यायचं, तीन ठिपके, मग बाकी काही यायचं नाही. ठिपके हवेत राहायचे. मग हेही कळेना की ठिपके तीन होते, की मधला मोठा होता, की तो तिच्या आईच्या हनुवटीवर होता. चेहरा जाणार हे त्याला कळलं. कबर गेली तसाच तो जाणार, एका गुरुवारी, कळणारही नाही, आणि त्यानंतरही आपण कुणा दुसऱ्याच चेहऱ्याशी साखरेबद्दल बोलत बसू. तेव्हा त्याला दगड आठवला. म्हणजे तो विसरला नव्हताच, पण इतकी वर्षं तो दगड दियाबचा होता. तो तर्फाचाही आहे हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

दियाब त्यांचा पहिला. सगळं जग हवाशला अबू मिशाल म्हणतं, मिशालचा बाप. पण मिशालच्या आधी दियाब होता, एक हिवाळाभर. त्या हिवाळ्यात ते हर्रात होते, काळ्या दगडांच्या मुलखात, जिथे जमीन दिसत नाही, दगडच दिसतात, जणू कुणी आभाळातून कोळसा ओतला आहे, आणि दगडांच्या फटीतून वसंतात गवत येतं. दियाबला खोकला झाला. रस्ता दूर होता, गाडी नव्हती, बर्फाळ वारा होता. त्यांनी त्याला एका टेकाडावर पुरलं, जिथे जुन्या लोकांनी रचलेला दगडांचा ढीग होता. त्या ढिगातल्या एका उभ्या दगडावर जुनी अक्षरं होती. तशी अक्षरं हर्रात जिकडे तिकडे आहेत, मेंढ्या त्यांवर अंग घासतात, कुणी बघत नाही. हवाश तंबू उतरवून येईपर्यंत तर्फा पोराच्या उशाशी बसली होती आणि एका टोकदार गारगोटीने चपट्या दगडावर काहीतरी ठोकत होती. वर त्या उभ्या दगडाकडे बघायची, मग खाली ठोकायची. ती हातमागावर विणायची, नक्षी बघून तशीच उतरवायचा तिचा हात होता. "काय करतेस?" "लिहितेय." "तुला कुठे येतं?" "मला कुठे यायला हवंय? ह्याने लिहिलंय ना, तेच लिहितेय." "ह्याने काय लिहिलंय ते तरी माहीत आहे का?" "काहीतरी लिहिलंय. नुसते दगड तर सगळ्यांवर आहेत. परत आलो की मला सापडला पाहिजे." काळ्या दगडावर ताजी रेघ पांढरी दिसते. ती ओळ पांढरीशुभ्र होती. जुनी ओळ दगडाइतकीच काळी. ठोकून झाल्यावर तिने दगडावर हात फिरवला, पीठ पुसल्यासारखा, आणि उठली. त्यानंतर दर वसंतात ते तिथे गेले, मेंढ्या विकेपर्यंत. ती लांबूनच बोट दाखवायची, तो बघ. आणि घरात, रागावली की किंवा फार जवळ आली की, दोन्ही वेळेला, ती त्याला अबू मिशाल म्हणायची नाही. अबू दियाब म्हणायची. पृथ्वीवर त्या नावाने हाक मारणारं एकच माणूस होतं. आता ते नाव कुणाच्याही तोंडात नव्हतं.

ओळीचा अर्थ कळला तो फार उशिरा, मिशाल शाळेत जायला लागल्यावर. इरबिदच्या विद्यापीठातली रुवैदाबाई माणसं घेऊन जुने दगड टिपायला हर्रात आली होती. तिच्या तंबूत तर्फा लोणी आणि वाळवलेल्या ताकाचे गोळे घेऊन जायची आणि बसून राहायची. बाई दगड वाचून दाखवायची. अमुक, तमुकचा मुलगा, त्याने इथे मेंढ्या चारल्या. अमुक, तमुकचा मुलगा, त्याने पावसाची वाट बघितली. अमुक, त्याला काकाचा माग सापडला आणि तो रडला. अमुक रडला. तमुक रडला. तर्फा म्हणाली, "काय हो बाई, सगळे रडतच होते का? मेंढ्यांची दूधं कोण काढत होतं?" बाई हसली. "रडता रडता काढत असतील." मग एके दिवशी, हवाशही बरोबर असताना, तर्फाने बोटाने मातीत ती ओळ काढली, आठवून, जशीच्या तशी, आणि म्हणाली, "ही वाचा." बाई वाकली. "पहिली ही खूण, उभी काठी आणि टोकाला वाक, ही सगळीकडे पहिली असते. हिचा अर्थ 'चा'. हा दगड अमक्याचा, हे लिहिणं अमक्याचं. आपल्याकडे नाव आधी आणि 'चा' मागून येतो, ते आधी 'चा' म्हणून टाकायचे, मग नाव सांगायचे. मुगनीचा, खालिसच्या मुलाचा. त्याला आपल्या भावाचा माग सापडला, आणि तो रडला. आणि जो हे खरवडेल तो आंधळा होवो." माग म्हणजे तोच शब्द, असर. दोन हजार वर्षांपूर्वीही तोच, बाई म्हणाली. "हा दगड कुठे आहे? टिपून घ्यायला हवा." "लांब आहे," तर्फा म्हणाली आणि मातीवरून पंजा फिरवून ओळ पुसून टाकली. परतताना हवाशला वाईट वाटलं. इतकी वर्षं पोराच्या उशाला कुणा परक्या माणसाचं नाव होतं, त्याच्या बापाचं नाव होतं, त्याच्या भावाचं दुःख होतं. त्याने तसं बोलून दाखवलं. तर्फा ताकाचं रिकामं भांडं डोक्यावर घेऊन पुढे चालली होती. मागे न बघता म्हणाली, "असू दे. रडलाय ना तो? मग झालं."

जदआन तर्फाचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे जुनी पिकअप होती आणि वेळ भरपूर होता. "दाजी, ह्या थंडीत हर्रात कशाला? ताईसाठी?" "दियाबला बघून येऊ." जदआनने पुढे काही विचारलं नाही. तो तोंडाळ होता पण कुठे थांबायचं ते त्याला कळायचं. बगदादच्या रस्त्याला लागल्यावर मात्र त्याचं तोंड सुटलं. सफावीला थांबून त्याने भाजलेली कोंबडी घेतली आणि ती संपेपर्यंत म्हणत राहिला की कोंबडी वाईट आहे. "मी हे सगळं उकरलंय, दाजी," काळ्या मुलखाकडे कोंबडीच्या तंगडीने दाखवत तो म्हणाला. "तुर्क पळून जाताना सोनं पुरून गेले, आणि दगडावर खुणा करून गेले, असं आमचा तो अम्मानचा शेठ म्हणायचा. जमिनीत धातू असला की पिपाणी वाजवणारं यंत्र आणलं होतं त्याने. एक हिवाळाभर ती पिपाणी ऐकली." "काय सापडलं?" "सार्डिनचे डबे. आणि पाठदुखी. ती अजून आहे, हवी तर देतो." "त्या खुणा तुर्कांच्या नाहीत. बाईने सांगितलं होतं ना." "अरे दाजी, सांगितलं होतं तिने, पण शेठला कोण सांगणार? आणि खरवडेल तो आंधळा होवो, असं ती म्हणाली होती ना? मग आमची निम्मी भावकी काठी घेऊन हिंडायला हवी होती." हवाश हसला. तर्फा गेल्यापासून पहिल्यांदा हसू पोटातून आलं, आणि त्याला आशा वाटली. दगड तिथे आहे. काळ्या दगडांत पांढरी ओळ. तो तिच्या हाताने झालेला आहे, प्रत्येक ठोका तिच्या मनगटाचा आहे, ठोके जरा उजवीकडे कललेले, कारण ती डाव्या मांडीवर भार देऊन बसली होती. तो मागच वाचायचा होता. तो वाचला की ती कशी बसली होती ते दिसेल, बसणं दिसलं की मान दिसेल, मान दिसली की चेहरा. माग असाच निघतो, एकातून दुसरं. दगड तो घरी आणणार नव्हता. फक्त डोळे भरून बघणार होता आणि हात फिरवणार होता, तिने फिरवला तसा.

पिकअप टेकाडाखाली उभी करून ते दगडांवरून चढले. हवाशचा उजवा पाय पोलिसांच्या जीपमधून पडल्यापासून ओढतो, त्यामुळे जदआन आधी पोहोचला. तो वर जाऊन उभा राहिला. वर खड्डा होता. माणूस उभा राहील इतका, कडा ढासळलेल्या, तळाशी गवताचे कोंब, म्हणजे कालपरवाचा नव्हे, एकदोन पावसाळे उलटलेला. दगडांचा ढीग एका बाजूने फोडला होता. "खजिनेवाले," जदआन म्हणाला. "इथे का?" हवाशने विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं, पण ते दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं होतं. जदआनने मानेवरचा रुमाल काढून पुन्हा बांधला. "काळ्या रेघा सगळीकडे आहेत, दाजी. त्यांच्याकडे कोण बघतं? पांढरी दिसली की वाटतं, ही मागाहून केलेली. म्हणजे तुर्कांची. म्हणजे ह्याच्याच खाली. आणि लहान मुलाची कबर आकाराने... पेटीसारखीच दिसते." परत आलो की मला सापडला पाहिजे, असं ती म्हणाली होती. सापडला होता. हवाश खड्ड्यात उतरला. गुडघ्यांवर बसून त्याने माती चाळली, ओंजळीने, मग बोटांनी. पोराला ज्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं होतं त्याचा धागासुद्धा नव्हता. इतक्या वर्षांनी असणार तरी काय? पण त्याने नखाएवढ्या वस्तूसाठीही शोधलं. मध्येच त्याने वर बघितलं तर जदआन खड्ड्याच्या कडेला उकरलेली माती पायाने उलथीपालथी करत होता, हळूच, सवयीने, काही चमकतं का ते बघत. हवाश बघतो आहे हे दिसताच त्याने पाय मागे घेतला. त्याचे डोळे भरून आले. "देवाची शपथ, दाजी, मला कळलंच नाही मी काय करतोय." "असू दे," हवाश म्हणाला.

तर्फाचा दगड त्यांनी घणाने फोडला होता. दगडाच्या पोटात सोनं असतं असंही काहीजण म्हणतात. कपच्या सगळीकडे उडाल्या होत्या, काळ्या दगडांत काळ्या कपच्या. जदआन आणि तो उन्हं कलेपर्यंत वाकून हिंडले. ज्या सापडल्या त्यांवर कुठे एखादं टोक होतं, कुठे अर्धा गोल. तळहाताएवढा एकच तुकडा असा होता की ज्यावर पुरी खूण होती. उभी काठी, टोकाला वाक. पहिलीच खूण. पुढे दगड तुटला होता. उजवीकडे कलली आहे की नाही ते एका खुणेवरून कळेना, कारण दगड कसा धरायचा तेच ठरेना. ढिगाच्या न फोडलेल्या बाजूला मुगनीचा उभा दगड तसाच होता. त्याची ओळ तशीच काळी, शांत, एक काना इकडचा तिकडे झालेला नव्हता. दोन हजार वर्षं त्याचा भाऊ, त्याचं रडणं, सगळं जागच्या जागी. हवाशला त्याचा राग आला. इतका राग त्याला डॉक्टरचा आला नव्हता, खजिनेवाल्यांचाही आला नव्हता. त्याने एक धारदार गारगोटी उचलली आणि त्या दगडापाशी गेला. ह्याच्यावरून बघूनच तिने लिहिलं. ह्याच्यामुळेच. "दाजी," जदआन म्हणाला, "आंधळा होशील." त्याने ते थट्टेने म्हटलं की खरंच, हे त्यालाही माहीत नसेल. हवाश म्हणाला, "आता बघायचं काय राहिलंय?" पण हात वर गेला आणि तिथेच राहिला. रडलाय ना तो, मग झालं. भांडं डोक्यावर, मान ताठ, मागे न बघता. चेहरा नाही, पाठ. त्याने हात खाली घेतला. जदआन जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मग पुन्हा काढ ना. ओळ इथे आहे. बघून बघून काढ, ताईने काढली तशी. मी दगड धरतो." हवाशने एक चपटा दगड घेतला, बसला, ठोकायला लागला. काठी काढली, वाक काढला. पांढरी रेघ उमटली. त्याने ती बघितली. ठोके सरळ होते, खोल होते, पुरुषाच्या हाताचे. तिचं काही त्यात नव्हतं. कुणी माग काढणारा आला तर सांगेल, म्हातारा होता, दमलेला होता, उजवा पाय पसरून बसला होता. त्याने दगड पालथा करून ठेवला. कुणाला दिसू नये असा.

पुढच्या गुरुवारी तो कबरस्तानात गेला तेव्हा खिशात तो तुकडा होता. तो कुठे ठेवायचा ते त्याला माहीत नव्हतं, पण घरात ठेवण्याजोगी जागा नव्हती. नौफाने विचारलं होतं, मामंजी, हा दगड कसला, दाराला टेकण लावायला चांगला आहे, वाऱ्याने दार आपटतं. तिच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. कबरस्तानातली माती आता वाळली होती. चिखलातल्या खुणा कडक होऊन राहिल्या होत्या, भाजलेल्या विटेसारख्या, आणि ऊन तिरपं होतं. माग बघायला याहून चांगली वेळ नसते. त्याचे डोळे आपोआप खाली गेले. बायकांच्या चपला, पोरांची धावपळ, कुत्रं. आणि त्यांच्यामधून जाणारा एक माग, बाकीच्यांपेक्षा वेगळा. तो त्यावर खिळला. म्हातारा माणूस. उजवा पाय ओढणारा. एकटा. एका कबरीपाशी थांबलेला, दोन्ही पावलं जोडून, वाकलेला, कारण चवड्यांवर भार आहे. मग पुढच्या कबरीपाशी. मग पुढच्या. शोधतो आहे. काहीतरी मोठं हरवलं आहे, आणि पावलं जवळजवळ पडायला लागली आहेत, म्हणजे घाबरला आहे. ह्या माणसाला इथलं कुणीतरी शोधायचं होतं. अशी माणसं शेवटी जिथे थांबतात तिथे वस्तू असते. हवाश त्या मागावरून निघाला. ओळीमागून ओळी त्याने पार केल्या, नळापर्यंत गेला, भिंतीला टेकून परत आला, तोडलेल्या कण्हेरीच्या बुंध्याला वळसा घातला. माग पुन्हा पहिल्या जागी आला आणि गोल फिरला आणि फाटकाकडे गेला. कुठेच बसला नव्हता. त्याने उजवं पाऊल उचललं आणि त्या कडक झालेल्या खुणेत ठेवलं. टाच टाचेत बसली. ओढलेली रेघ रेघेत बसली. तो तसाच उभा राहिला. पाय काढावा असं त्याला वाटेना.

"काका, सापडल्या का?" कातडी जाकीटवाला पाण्याचा डबा घेऊन भिंतीकडच्या नळावरून येत होता. त्याने हवाशला लगेच ओळखलं, आणि ओळखल्याचा त्याला आनंद झालेला दिसला.

"माग सापडला," हवाश म्हणाला.

"कुणाचा?"

हवाशने खिशातून तुकडा काढला. तळहातावर धरून तो उन्हाच्या तिरपेला नेला, आधी एका बाजूने, मग उलटा करून दुसऱ्या बाजूने. उभी काठी, टोकाला वाक. चा. पुढे दगड तुटलेला होता. डब्यातलं पाणी थेंबथेंब गळत होतं आणि तो माणूस उत्तराची वाट बघत उभा होता.